दोन दिवसांची गोळी, सहा महिन्यांची गोळी

चांदवडला फाल्गुन सरत आला की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य वरचेवर ऐकू येतं : "उन्हाळी लागलीय, एखादी गोळी द्या." ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. तालुका अवर्षणप्रवण, उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकर, आणि नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी. शेतात किंवा कांद्याच्या खळ्यावर दिवसभर बसून कांदा निवडणारी बाई पाणी बेतानं पिते; प्यायलं तर जावं लागतं आणि जायला आडोसा नसतो. लघवी गडद होते, जळजळते. घरी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, माठात वाळा हे उपाय होतात आणि बहुतेक वेळा चार दिवसांत त्रास मिटतो. खरोखर जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर प्रतिजैविकाचा छोटा कोर्स देतात, तोही लवकर आटोपतो.

हे प्रकरण ज्यांचा त्रास मिटत नाही त्यांच्यासाठी आहे. ओटीपोटात दुखतं, मूत्राशय भरत आलं की कळ वाढते, लघवी झाली की थोडं बरं वाटतं आणि तासाभरात पुन्हा तेच. रात्री चार-पाचदा उठावं लागतं. चांदवडहून नाशिक सुमारे पासष्ट किलोमीटर. एसटीत बसलेली अशी बाई पिंपळगाव येईपर्यंत कसाबसा दम धरते, आणि पुढेपुढे लग्नाकार्याला जाणंच सोडते. लघवी तपासली तर जंतू सापडत नाहीत. असं दुखणं सहा आठवड्यांहून अधिक टिकलं आणि दुसरं कारण हाती लागलं नाही, तर डॉक्टर त्याला मूत्राशय वेदना विकार किंवा इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. बोलताना नुसतं 'आयसी'. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव १८८७ साली अलेक्झांडर स्कीन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं वापरलं, आणि मूत्राशयाच्या आत दिसणाऱ्या लालसर जखमांचं वर्णन गाय हनर यांनी १९१५ मध्ये केलं. त्या जखमांना आजही हनरचंच नाव आहे, पण थोड्याच रुग्णांत त्या दिसतात. बाकीच्यांचं मूत्राशय दुर्बिणीतून पाहिलं तर जवळजवळ निरोगी भासतं, म्हणून "तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचं आहे" हे वाक्य त्यांच्या वाट्याला येतं. हा आजार पुरुषांनाही होतो. त्यांचं दुखणं बरीच वर्षं प्रोस्टेटच्या खात्यावर मांडलं जातं.

या दुखण्यावर औषधं आहेत, आणि बरीच आहेत. माझ्या मते आपल्याकडे होणारं नुकसान औषधांच्या अभावानं जेवढं होतं, त्याहून जास्त मुदतीच्या घोळानं होतं. दोन दिवस घ्यायची गोळी लोक दोन वर्षं घेतात. सहा महिने घेऊन पाहायचं औषध सहाव्या दिवशी "गुण नाही" म्हणून बंद करतात. म्हणून इथे प्रत्येक औषधाची मुदत कोणती आणि ती ओलांडली तर काय होतं, या बाजूनंच पाहू.

आधी दोन दिवसांच्या गोळीकडे. फेनाझोपायरिडीन हे तिचं नाव. घेतल्यावर लघवी केशरी-लाल होते आणि कपड्यावर पडलेला डाग जात नाही, यावरून ती ओळखू येते. लघवीवाटे बाहेर पडताना ती मूत्रमार्गाचं आतलं अस्तर बधिर करते, म्हणून जळजळ झटकन थांबते. जंतूंना ती काहीही करत नाही. संसर्गावर प्रतिजैविक चालू असताना त्याचा गुण येईपर्यंतचे दोन दिवस निभावून नेणं एवढंच तिचं काम. पण आराम इतका चटकन मिळतो की रिकामं पाकीट दाखवून लोक तीच गोळी महिनोन्‌महिने नेतात. मूत्रपिंड अधू असेल तर ती अंगात साठते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलून ओठ-नखं निळसर पडू शकतात. जी-सिक्स-पीडी या वितंचकाची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. डोळे किंवा कातडी पिवळी दिसली तर गोळी तिथंच थांबवून डॉक्टरांकडे जावं. आणखी एक बारीक गोष्ट : या गोळीच्या रंगामुळे लघवीची पट्टीवरची तपासणी चुकते. लॅबमध्ये नमुना देताना ती चालू असल्याचं सांगावं.

तिच्याबरोबर बहुधा गोड-आंबट सिरप येतं. त्यात डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं आणि ते लघवीचा आम्लपणा घालवतं. चार दिवस पाण्यात मिसळून घेतलं तर सहसा बिघडत नाही, पण त्यात सोडियम आहे. घरातले सासूबाई-सासरे बीपीमुळे मीठ कमी खातात आणि लघवीसाठी हे सिरप महिनाभर घेतात, हा उफराटा व्यवहार झाला. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नये. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन चालू असताना तर मुळीच नको, कारण लघवी अल्कधर्मी झाली की या औषधांचे खडे धरू शकतात.

प्रतिजैविकांचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबायला हवं. दर दोन महिन्यांनी जळजळ, दर वेळी त्याच पाच गोळ्या, आणि दर वेळी थोडं बरं वाटणं. हे चक्र एकदा सुरू झालं की आत काय आहे हे कुणी शोधत नाही. आपल्या देशात त्याआड लपून बसणारा एक जुना पाहुणा म्हणजे मूत्रमार्गाचा क्षयरोग. लघवीच्या रिपोर्टवर 'पस सेल्स' भरपूर, आणि कल्चरमध्ये मात्र काही उगवत नाही, अशी त्याची खूण असते. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं क्षयाच्या जंतूंना थोडीफार दाबतात. आजार जात नाही, फक्त निदान लांबतं. तोवर मूत्राशय आक्रसून इतकं लहान होऊ शकतं की पुढे औषधानं क्षय बरा झाला तरी मूत्राशयाचा आकार परत येत नाही. म्हणून पस सेल्स आहेत आणि जंतू नाहीत असा रिपोर्ट दुसऱ्यांदा हातात आला, तर "क्षयाची तपासणी करायची का?" असं आपणच विचारावं. हे जंतू लघवीत रोज सारखे उतरत नाहीत, म्हणून पहाटेच्या पहिल्या लघवीचे लागोपाठ तीन दिवसांचे नमुने मागतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. सुरुवात चांदवडच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते.

लघवीत रक्त दिसलं तर मात्र थांबूच नये, ते न दुखता आलं असेल तर अधिकच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीतलं रक्त मूत्राशयाचा कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत कोणत्याही वेदनाशामकानं झाकू नये. मूतखडाही अशीच दुखणी देतो, पण तो सोनोग्राफीत बहुधा सापडतो.

दीर्घकाळच्या मूत्राशयवेदनेत जंतू नसतातच, तर प्रतिजैविकं दीर्घकाळ देऊ नयेत, असं अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. तोंडावाटे स्टेरॉइड दीर्घकाळ देण्यालाही तिथं नकार आहे. कागदाच्या पुडीत बांधलेल्या, नाव नसलेल्या गोळ्यांनी "एका दिवसात फरक" पडत असेल, तर त्या पुडीत काय आहे याची शंका घेणं हा रुग्णाचा हक्क आहे.

आता साध्या वेदनाशामकांकडे : डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. पाळीच्या कळांवरची मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन यांची जोडगोळी तर घराघरात असते आणि ओटीपोट दुखलं की तीच घेतली जाते. भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर ॲलर्जी त्यातून होते. पण रोजचा धोका मूत्रपिंडाला आहे. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाच्या जोरावर आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतं. वेदनाशामक नेमकं तेच रसायन बंद करतं. एप्रिलच्या उन्हात, कमी पाणी पिऊन, दिवसाला दोन गोळ्या घेणारी बाई मूत्राशयाचं दुखणं दाबता दाबता मूत्रपिंड पणाला लावते. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिघांचा मारा एकाच जागी पडतो.

डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचं काय करू शकतं याचा पुरावा आपल्या आकाशात आहे. जनावरांना दिलेलं हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. कारण २००४ साली उलगडलं. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारनं २००६ मध्ये बंदी आणली. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर अजून थोडी गिधाडं तग धरून आहेत. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण उन्हाळ्यात पाण्याविना तो थोडा त्या दिशेनं सरकतो.

सहा महिन्यांच्या गोळ्यांची गोष्ट उलटी आहे. इथे लोक लवकर सोडून देतात.

पहिली ॲमिट्रिप्टिलीन. स्वस्त आहे, भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तालुक्याच्या दुकानात मिळते. अडचण एवढीच की मोबाइलवर नाव टाकलं की 'नैराश्यावरचं औषध' असं येतं, किंवा दुकानदार म्हणतो "ही झोपेची गोळी आहे", आणि "डॉक्टरांनी मला वेडाची गोळी दिली" म्हणून पाकीट कपाटात जातं. नैराश्यासाठी हे औषध बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. मूत्राशयासाठी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि सोसेल तसं हळूहळू वाढवतात. मूत्राशयाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा गलका ते कमी करतं आणि रात्रीची झोप जोडून देतं. २७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट पाहता या गोळीचा फायदा बनावट गोळीहून निर्णायक ठरला नाही : ५५ टक्के विरुद्ध ४५. पण ज्यांना किमान ५० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचता आलं त्यांच्यात आकडे ६६ आणि ४७ असे निघाले. म्हणजे दहाच्या गोळीवर आठवडाभर थांबून "काही उपयोग नाही" असा निकाल देणं घाईचं आहे. आणि दहावरून पन्नासावर स्वतःहून उडी मारणं धोक्याचं आहे.

धोके असे. तोंड कोरडं पडतं, मग पाणी जास्त पितात, मग लघवी वाढते. घोटघोट पाणी आणि तोंडात लवंग-वेलदोडा यानं भागतं. बद्धकोष्ठ होतो, आणि साठलेला मळ मूत्राशयाचं दुखणं वाढवतो, म्हणून त्याचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून. सकाळी सुस्ती राहते. डॉक्टरांना विचारून गोळी थोडी लवकर, आठ-नऊच्या सुमारास घेता येते, आणि अंगाला सवय होईपर्यंत दुचाकी-ट्रॅक्टर चालवू नये. रात्री लघवीला उठताना झटकन उभं राहिलं तर चक्कर येते. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हृदयाच्या ठोक्यांचा आजार यांपैकी काही असेल तर गोळी सुरू होण्याआधी सांगायलाच हवं. वयस्कर पुरुषाची लघवी या गोळीनं पूर्ण अडू शकते. मध्येच एकदम बंद करू नये, पायरीपायरीनं उतरवावी. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, कुलपात ठेवाव्यात. मोठ्यांच्या दोन-चार गोळ्याही लहानग्याच्या हृदयाला जीवघेण्या ठरू शकतात. घरात कुणी खचलेलं असेल तर महिन्याचा साठा एकदम आणू नये, आणि ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

दुसरं औषध पेंटोसान पॉलिसल्फेट. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला एक बुळबुळीत संरक्षक थर असतो. सारवलेल्या अंगणाचे पोपडे उडावेत तसा तो जागोजागी निघतो आणि लघवीतले क्षार खालच्या मज्जातंतूंना झोंबतात, असा एक कयास आहे. पेंटोसान त्या थराची डागडुजी करतं असं मानतात. बीच नावाच्या झाडाच्या लाकडातल्या घटकापासून ते बनवतात. अमेरिकेत १९९६ साली त्याला मंजुरी मिळाली : १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर. पहिला हिशेब तीन महिन्यांनी करायचा. गुण नसेल आणि त्रासही नसेल तर आणखी तीन महिने, आणि त्यानंतरही गुण नसेल तर ते कशासाठी चालू ठेवायचं हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ३६८ रुग्णांच्या चाचणीत हे औषध आणि बनावट गोळी यांत फरकच दिसला नाही. दोन्हीकडे साधारण ४० टक्क्यांना बरं वाटलं. १९९३ च्या जुन्या चाचणीत मात्र ३२ टक्के विरुद्ध १६ असा फरक होता. काहींना ते लागू पडतं, सर्वांना नाही. आणि ते महाग आहे.

त्याचा एक धोका उशिरा कळला. २०१८ साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या नेत्रतज्ज्ञांनी हे औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्या सहा रुग्णांच्या दृष्टिपटलावर विशिष्ट डाग दिसल्याचं मांडलं. औषध बाजारात येऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिथल्या माहितीपत्रकात हा इशारा घातला. वाचायला जड जाणं, लाईट गेल्यावर अंधाराला डोळे सरावायला नेहमीपेक्षा वेळ लागणं, अक्षरं धूसर किंवा वाकडी दिसणं ही त्याची लक्षणं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून हे टाळतात. औषध बंद केल्यावरही इजा वाढू शकते. म्हणून सुरुवातीलाच डोळ्यांत थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावं, आणि पुढे चालू राहिलं तर ठरावीक काळानं पुन्हा. नुसती चष्म्याच्या दुकानातली नंबरतपासणी पुरत नाही. पेंटोसान रक्तही थोडं पातळ करतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ते आधी सांगावं, आणि दात काढण्याआधीसुद्धा. केस गळतात, ते बहुतेकांचे परत येतात. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर या दोन्ही औषधांबद्दल आधी बोलून घ्यावं.

तोंडावाटे औषधानं भागलं नाही तर नळीवाटे थेट मूत्राशयात औषध सोडतात : हेपॅरिन, लिडोकेन, किंवा डीएमएसओ. शेवटचं १९७८ पासून अमेरिकेत मान्य आहे, आणि त्यानंतर दिवसभर श्वासाला लसणाचा वास येतो, हे सांगितलं नाही तर घरात गैरसमज होतात. हनरच्या जखमा असतील तर दुर्बिणीतून त्या जाळण्यानं पुष्कळांना मोठा आराम मिळतो, म्हणूनच दुर्बिणीची तपासणी टाळू नये. ही कामं तालुक्याला होत नाहीत. नाशिकला मूत्रविकारतज्ज्ञांकडे जावं लागतं.

गोळ्यांची खरी भानगड त्या एकत्र आल्यावर होते. चांदवडच्या डॉक्टरांची ॲमिट्रिप्टिलीन, मालेगावच्या हाडांच्या डॉक्टरांचं ट्रॅमाडॉल, मनमाडहून आणलेली झोपेची गोळी, आणि सर्दीचं सिरप हे सगळं एकाच पोटात जातं. ॲमिट्रिप्टिलीनबरोबर ट्रॅमाडॉल घेतल्यास फिट येण्याचा धोका वाढतो. झोपेच्या गोळीबरोबर दोघींची गुंगी मिळते. सर्दीच्या औषधानं आणि पोटातल्या मुरड्यावरच्या डायसायक्लोमिननं कोरडेपणा, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणं दुणावतं. ट्रॅमाडॉलची सवयही लागते. म्हणून ते 'एच-वन' अनुसूचीत आहे आणि २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही. ही अनुसूची मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यातलं औषध विकताना दुकानदारानं डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. नाव विचारलं म्हणून रागावण्यासारखं काही नाही. न विचारता दिलं तर काळजी करावी. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरपं, काढे आणि चूर्णं एका पिशवीत घालून न्यावीत. आठवून सांगण्यात निम्मी नावं सुटतात.

औषधाबरोबर चालणाऱ्या गोष्टी थोडक्यात. तीन दिवस किती वाजता, किती लघवी झाली आणि किती दुखलं हे वहीत मांडलं तर डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं मिळतात. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, ठेचा हे सगळं एकदम सोडायची गरज नाही. एकेक वस्तू दोन आठवडे बंद करून पाहावी. आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा मोबाइलवर दिसणारा व्यायाम या आजारात करू नये. इथे ते स्नायू आधीच ताठलेले असतात, त्यांना सैल करायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट लागतो.

औषधानं त्रास झाला तर तो डॉक्टरांना सांगावाच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. तिचा मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४, आणि रुग्णानं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, त्रास कधी सुरू झाला आणि बॅच क्रमांक एवढं हाताशी ठेवावं. पाकिटातून दोन-दोन गोळ्या कापून घ्यायची सवय इथे नडते : बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाकिटाच्या ज्या टोकावर छापलेली असते, ते टोक बहुधा दुकानातच राहतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.